प्लास्टिक काढायचं नाही

नवीन सर्व्हरवरचं प्लास्टिक काढायचं नाही, असं मालकांनी बजावलं तेव्हा फ्यूजच्या हातात कात्री होती. ती त्याने टेबलावर ठेवली. आपटली म्हटलं तरी चालेल.

कडीकोयंड्यांच्या त्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या या माणसाला सगळे फ्यूज म्हणत, कारण तो केव्हा उडेल याचा नेम नसे. पण खरं सांगायचं तर त्याच्या जागी एखादा देवमाणूस असता तरी उडाला असता. सर्व्हर म्हणजे कारखान्याची बिलं, माल, पगार, सगळं ज्याच्या पोटात असतं ते मशीन. इथला सर्व्हर इतका जुना होता की त्याचं नावच म्हातारा पडलं होतं. जिन्याखालच्या खोलीत तो धापा टाकत बसलेला असे आणि एक टेबलफॅन दिवसरात्र त्याच्या तोंडावर वारा घालत असे. तो पंखा कोणी घटकाभर उचलून नेला की बिलं थांबत. आणि फ्यूज सुट्टीवर गेला की म्हातारा हटकून आजारी पडे. सख्ख्या मेव्हणीच्या लग्नातल्या एकाही फोटोत फ्यूज नाही. तो सगळा वेळ बाहेर उभा राहून फोनवर ओरडत होता, आणि बायकोने हे अजून सोडलेलं नाही.

आता बायकोने तळ्याकाठचं एक घर आठवडाभरासाठी भाड्याने घेतलं होतं. "या वेळी फोन आला आणि तू निघालास," ती म्हणाली, "तर परत ये म्हणून मी सांगणार नाही. लक्षात ठेव." ती ओरडली असती तर फ्यूजला बरं वाटलं असतं. ती शांतपणे बोलली.

म्हणून तो मालकांच्या हात धुऊन मागे लागला, भांडला, दोनदा नोकरी सोडतो म्हणाला, तेव्हा कुठे नवीन सर्व्हर आला. आणि मालकांनी तो केबिनमधल्या काचेच्या कपाटात मांडून ठेवला.

"साहेब, हे जिन्याखाली बसवायचंय."

"एवढं महागाचं मशीन धुळीत टाकू?"

"बरं, इथेच राहू द्या. पण चालू तरी करू."

"म्हातारा चालतोय ना?"

"चालत नाही साहेब. मी ढकलतोय."

"मग ढकल अजून थोडे दिवस. नवीन वस्तू जपून वापरावी माणसाने."

"जपून वापरा म्हणतोय मी. तुम्ही नुसतं जपताय."

"मला शिकवू नकोस. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे आपल्याकडे काय आहे ते."

ज्या माणसाच्या घरी टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला प्लास्टिक आणि पाहुण्यांसाठीचे कप पाहुणे आले तरी कपाटातच, त्याच्याकडून दुसरी कसली अपेक्षा करायची? अशी माणसं नवी चप्पल डब्यात ठेवतात आणि जुनी फाटली म्हणून चांभाराशी भांडतात. यांचा राग येत नसेल त्याने एकदा स्वतःची नाडी तपासून घ्यावी.

फ्यूजची नाडी ठणठणीत होती. पुढच्या सुट्टीच्या दिवशी ऑफिस रिकामं असताना तो आला. कपाटाच्या पाठीला भोक पाडून त्याने वायरी आत घेतल्या, मशीनच्या मागच्या बाजूचं प्लास्टिक कापून टाकलं, पुढचं तसंच चकचकीत ठेवलं, आणि म्हाताऱ्याच्या पोटातलं सगळं नव्या मशीनवर आणलं. म्हातारा जिन्याखाली रिकाम्या पोटी, नुसता घरघरत राहिला. टेबलफॅनही चालू ठेवला. कोणाला संशय नको.

दुसऱ्या दिवसापासून बिलं पटापट निघू लागली. मालकांची थोरली बहीण हिशेब बघायची. तिला सगळे आक्का म्हणत, मालकही, आणि तिला सगळे घाबरत, मालकही. ती म्हणाली, "म्हातारा एकदम तरतरीत झाला की रे. काय खायला घातलंस?"

फ्यूज काही बोलायच्या आत मालक केबिनमधून बाहेर आले. "बघ. मी काय म्हणत होतो? उगाच नवीन घ्यायला लावलंस. जुनं ते जुनं."

फ्यूजने यावर काय गिळलं ते त्यालाच ठाऊक. घरी जाऊन त्याने बाथरूमची बादली लाथाडली.

त्यानंतर मालकांना केबिनमध्ये घूंघूं ऐकू येऊ लागली.

"हा आवाज कसला?"

"एसीचा असेल," फ्यूज म्हणाला.

एसीवाला आला. त्याने एसी खोलला, पुसला, बसवला. आवाज तसाच. मालकांनी त्याला पुन्हा बोलावलं. तिसऱ्या खेपेला त्याने एसी बंद केला, तरी घूंघूं चालूच. तेव्हा तो शिडीवर उभा राहून म्हणाला, "साहेब, एसीत काही नाही. कान दाखवून घ्या." त्याला हाकलण्यात आलं. मालकांनी खरंच कान दाखवले आणि कानात घालायचे थेंब आणले.

"आणि त्या मशीनवर हिरवा दिवा का लागतो?"

"वायर लावलेली असली की लागतो साहेब. टीव्हीचा नाही का लागत?"

"छान दिसतो," मालक म्हणाले. "राहू दे."

फ्यूज सुट्टीवर गेला. तळ्याकाठी पहिल्याच सकाळी त्याने पाण्यात पाय सोडले, बायको शेजारी बसली, आणि ती त्याच्याशी चक्क मेव्हणीच्या लग्नाचा विषय न काढता बोलत होती. तेवढ्यात फोन वाजला.

"म्हातारा गेला रे," मालक म्हणाले. "सगळे स्क्रीन एकदम गोठले. गेटवर ट्रक उभे आहेत, एक बिल निघत नाही. आक्का माझ्या डोक्यावर बसलीय."

"साहेब, नवीन मशीनचा दिवा चालू आहे का बघा," फ्यूज म्हणाला.

"ते कुठाय इथे? ते व्याह्यांकडे दिलं ना मघाशी."

"दिलं म्हणजे?"

"त्यांनी नवीन ऑफिस थाटलंय. काल केबिनमध्ये आले, म्हणाले, असं काहीतरी आमच्या दर्शनी भागात हवं होतं. मुलगी दिली आहे त्या घरात. त्यांनी कौतुक केल्यावर मी काय, हे माझं आहे म्हणू? वायर काढली, गाडीत घातलं. आणि नेमका तेव्हाच म्हातारा मेला बघ. काय मुहूर्त साधला."

फ्यूज उठून उभा राहिला. "साहेब, म्हातारा कधीचाच रिकामा आहे. सगळं त्या नव्या मशीनवर चालत होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही अख्खा कारखाना व्याह्यांना देऊन आलात."

यावर मालक जे बोलले ते बायकोलाही ऐकू गेलं. तिने गाडीची किल्ली आणून त्याच्या हातात ठेवली. "तू जा," ती म्हणाली. "मी राहणार आहे. मला इथे आवडलंय."

फ्यूज ऑफिसात पोचला तेव्हा गेटवरचे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते आणि मालक लाल झाले होते.

"मला विचारल्याशिवाय हात लावलास कसा?"

"विचारलं होतं. रोज विचारत होतो."

"मी नाही म्हणालो होतो."

"म्हणून तर न विचारता लावला. तुमची बिलं कोणाच्या जिवावर निघत होती एवढे दिवस?"

"माझे कान तपासून घेतले मी. थेंब घालतोय रोज."

"पुरे," आक्का म्हणाली. "त्या मशीनची नक्कल असेल ना तुझ्याकडे?"

"आहे. पण ती चालवायला मशीन लागतं. म्हाताऱ्यात घालायला गेलो तर अर्ध्या वाटेतच बंद पडतो तो."

"मग व्याह्यांकडून परत आण."

"मी नाही मागणार," मालक म्हणाले. "दिलेली वस्तू परत मागून मुलीला आयुष्यभर बोलणी खायला लावू?"

आक्काने क्षणभर विचार केला. मग तिने म्हाताऱ्याला जिन्याखालून बाहेर काढवलं, ओल्या फडक्याने पुसवलं आणि मालकांच्या घरून सोफ्याचं जादा प्लास्टिक मागवून त्यात गुंडाळलं. मालकांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

व्याह्यांनी नवीन मशीन दारासमोरच स्टुलावर मांडलं होतं. "कोणाला हात लावू देत नाही मी," ते अभिमानाने म्हणाले.

"चुकून लहान मॉडेल आलं तुमच्याकडे," आक्का म्हणाली. "हे मोठं. तुमच्या ऑफिसला हेच शोभेल."

व्याह्यांनी म्हातारा उचलून पाहिला आणि त्यांना उचलला गेला नाही. त्यांचा चेहरा खुलला. फ्यूजने वायर लावली. म्हातारा खोकला, घरघरला, आणि त्याचे बिघाडाचे होते नव्हते तेवढे तांबडे दिवे लुकलुकू लागले.

"अरे वा," व्याही म्हणाले. "त्याला तर नुसता हिरवाच होता."

परत आल्यावर फ्यूजने नवीन मशीन जोडलं. बिलं निघाली, ट्रक गेले. आता आपली नोकरीही जाणार, हे धरून तो केबिनमध्ये उभा राहिला. जाताना काय काय ऐकवायचं ते त्याने मनात जुळवून ठेवलं होतं.

मालक मशीनकडे बघत होते. पुढचं प्लास्टिकही आता फाटलं होतं. "वापरलंस ना शेवटी?" ते म्हणाले. "जुनं करून टाकलंस. ने ते माझ्या समोरून. जिन्याखाली टाक."

"आणि इथे?" फ्यूजने विचारलं.

"इथे काय, कपाट रिकामं ठेवू? दुसरं नवीन मागव. तस्संच. एकदम कोरं."

एक चालू असावा आणि एक राखीव, यासाठी फ्यूज किती वर्षं घसा फोडत होता. जुळवून ठेवलेलं सगळं त्याच्या तोंडातच राहिलं. तो दाराकडे वळला.

"थांब," मालक गरजले. "नवीन मशीन येईल त्या आठवड्यात तू मला ऑफिसात दिसता कामा नये. तू जवळ असलास की मशीन चालू होतं. बायकोला घे आणि जा कुठे तरी लांब. आणि फोन बंद ठेव."