शाकाहारी डिझेल

बाथरूमच्या जाळीतून पाणी वर आलं तेव्हा त्यावर तेलाचा तवंग होता आणि रांगणारा वरद त्यात हात मारायच्या बेतात होता. विनिताने त्याला वरच्यावर उचललं. पनवेलच्या त्या चार मजली इमारतीत वरचे सगळे तळणीचं तेल सिंकमध्ये ओतायचे आणि नळी तुंबून ते तळमजल्यावर हिच्याकडे यायचं.

तिने खटपट करून वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल करणारी एक कंपनी शोधली. अट एकच: महिन्याभरात पन्नास लिटरचा ड्रम काठोकाठ भरला तरच गाडी पुढेही येत राहणार.

आठवड्यात ड्रम निम्मा झाला आणि सेक्रेटरी सत्यजीत बर्वे खाली उतरले.

"विनिता, आमच्या पुऱ्यांचं तेल मासळीच्या तेलात?"

"काका, ते गाडीत जाणार. खातंय कोण?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

तत्त्वासाठी दुसरा ड्रम आला. एकावर हिरवा ठिपका, एकावर लाल.

"या अल्लाह!" दुसऱ्या मजल्यावरची फरहा म्हणाली, "आता गाडीलापण चतुर्थी पाळायला लावणार काय हे?"

दोन्ही ड्रम भरेनात. मग ईर्ष्येने रोज तळण सुरू झालं. इकडे वडे, तिकडे समोसे. पर्यावरण वाचवता वाचवता चौथ्या मजल्यावरच्या प्रांजलचं वजन तीन किलोंनी वाढलं. जुनं तेल जमवायला नवं तेल जाळायचं, यात धूर कमी कुठे होणार, या विचाराने विनिताची झोप उडाली.

शेवटच्या रविवारी ड्रायव्हर बाळूने काठी बुडवून बघितली. "हिरवा अर्धा. लाल दोन बोटं कमी. नियम आहे, मॅडम."

विनिताचे डोळे भरून आले. तेवढ्यात बर्वे वर्तमानपत्रात गुंडाळलेला कॅन घेऊन आले, आजूबाजूला बघितलं आणि तो सरळ लाल ड्रममध्ये रिकामा केला.

विनिताची सासू रंभा उरणजवळच्या मोऱ्याची, कोळीवाड्यात वाढलेली; मासळी तिला वासावरून कळायची. तिने नुसतं नाक वर केलं. "सरंगा हाय."

"हळू हो, मावशी! ही माहेरी गेली की मीच तळतो."

"करपवलात की हो, भाऊ. आच बारीक ठेवायची."

"भरला!" बाळू ओरडला. "पुढल्या महिन्यापासून दर रविवारी येतो. एक भरला म्हणजे अर्धापण नेतो. पण गाडीवर टाकी एकच आहे, साहेब."

बर्व्यांनी एकदा हिरव्या ठिपक्याकडे बघितलं. "ओत त्यातच."

वरदला कडेवर घेऊन विनिता पहिल्यांदाच मोकळं हसली. रंभा मात्र बर्व्यांच्या जवळ सरकली.

"वहिनी परत माहेरी कवा जाणार हाय? आदल्या दिशी सांगा. ताजा आणते."