बागूल मास्तर आणि त्यांच्या विजेच्या बाई

बागूल मास्तर रोज सकाळी स्वतःला करंट लावून घ्यायचे. चुकून नव्हे, चांगले खुर्चीत बसून, बाही वर सारून. ओले पॅड हाताला बांधायचे, बटण फिरवायचे आणि आपलीच बोटं आपोआप वळताना कौतुकानं बघायचे. मग म्हणायचे, "आज बाईंचा मूड चांगला आहे. या, पहिला कोण?"

बाई म्हणजे वीज. मास्तर शरणपूर रोडवर एका खोलीत फिजिओथेरपी करायचे. स्वतःवर चालवून बघितल्याशिवाय ते मशीन पेशंटला लावत नसत. "मला जे सोसत नाही ते दुसऱ्याला कशाला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गोष्ट ऐंशी सालच्या आसपासची. मी ओझरच्या कारखान्यात वायरमन. चौतिसाव्या वर्षी कबड्डी खेळायची अवदसा आठवली आणि गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. मुंबईला ऑपरेशन झालं, सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये. प्लास्टर काढलं तर मांडीचं पार पडवळ! मनातल्या मनात कितीही ओरडलो, तरी पाय खाटेवरून हलेना. आणि शिडी चढता येत नाही तो वायरमन कसला? साहेबांनी बजावलं होतं, दिवाळीपर्यंत वाट बघतो, नाहीतर स्टोअरमध्ये स्टुलावर बसून बल्ब वाटायचे. बायकोसमोर हसत होतो, पण आतून टरकलो होतो.

शेवटी लंगडत मास्तरांकडे गेलो. त्यांनी मांडी चिमटीत धरली. "झोपलीय. मेलेली नाही. हाक मारू."

त्यांनी पॅड बांधले, बटण फिरवलं. मुंग्या आल्या, मांडी आपोआप आखडली आणि मी बोंब ठोकत पॅड उपटून फेकले.

"अहो वायरमन! विजेला भिता?"

"विजेला भितो म्हणून तर जिवंत आहे!" मी तडकलो. पंधरा वर्षांची सवय हो! झिणझिणी आली की अंग मागे घ्यायचं, मग विचार करायचा. इथे नेमकं उलटं. करंट आला की आपणही जोर लावायचा. माझी मांडी दर वेळी ऐन वेळी माघार घ्यायची. मास्तर मांडीलाच समजवायचे, "आली बघा बाई. उठा, उठा. गेल्या. बसा." मला विचारणं नाही, सांगणं नाही. सगळं बोलणं परस्पर.

तीन आठवडे असेच गेले. मग एकदा टाच बोटभर उचलली गेली. पुढे चार बोटं. मास्तर म्हणाले, "आता करंट मंद ठेवतो." मला तरीही मस्त मुंग्या येत होत्या. एका सकाळी टाच चक्क वीतभर वर गेली! मी हरखून मशीनकडे बघितलं आणि थबकलो. मशीनची पिन बोर्डात नव्हतीच.

"मास्तर, ही काय फसवाफसवी?"

"चार दिवस झाले," मास्तर शांतपणे म्हणाले. "तुम्ही वायरमन. म्हटलं, बघू कधी लक्षात येतंय."

मी चिडून पॅड सोडायला हात घातला आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. बोर्डात पिन नाही, मग पाय उचलला कोणी? मी! माझ्या मांडीनं! मला रडूच कोसळलं. मास्तर मात्र तोंड फिरवून पट्टे गुंडाळत बसले. "आठवड्यानं या. मग पंधरवड्यानं. मग यायचं कारण नाही."

ऐन दिवाळीच्या तोंडावर मी शिडी चढलो. साहेबांनी खाली उभं राहून शिडी धरली होती. वर पोचलो आणि छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. त्या आनंदात मास्तरांना पेढे द्यायचे राहून गेले ते गेलेच. आपण असेच!

पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून उतरलो, तर समोरच्या फुटपाथवर मास्तर. हातात काही नाही, कुठं जायची घाई नाही.

"मास्तर! कुणाची वाट बघताय?"

ते चोरी पकडल्यासारखे चपापले. "कुणाची नाही. या बसनं माझे तिघं पेशंट येतात. उतरताना पाय कसा टेकवतात ते बघतो, आणि जातो."

"अहो, मग हाक मारायची!"

"बऱ्या झालेल्या माणसाला दवाखान्याची आठवण कशाला?"

किती महिने हा माणूस असा उभा राहत होता, देव जाणे. मला माझीच लाज वाटली. म्हटलं, "चला घरी."

मास्तरांचा चेहरा पडला. "का? कुणाला काय झालं?"

"कुणालाही काही नाही. चहाला चला."

मास्तरांनी सदऱ्याची वर सारलेली बाही सारखी केली. बहुतेक दुखण्याशिवाय त्यांना कुणी घरी बोलावलंच नसावं. मग म्हणाले, "तुम्ही पुढे चाला. मी मागून येतो."

मी पुढे निघालो. कोपऱ्यावर मागून नाक शिंकरल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही. नुसता चालत राहिलो, होईल तितका सरळ.