मोजणीदाराची मंगलाष्टके

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, महाराष्ट्र राज्य नवे नवे असताना मेहकर आणि आसपासच्या गावांत लग्न झालेल्या एकोणतीस नवऱ्या दिसायला हुबेहूब सारख्या होत्या. सगळ्या गोऱ्या, सगळ्या चंद्रमुखी, सगळ्यांच्या पायी लक्ष्मी. याला लेखी पुरावा आहे. तो पुरावा आमच्या शेजारच्या भास्करअप्पांनी लिहिला आणि मी भर मांडवात गाऊन दाखवला.

भास्करअप्पा मोजणी खात्यात होते. उंच, काटकुळे, चालताना नकळत पावलं मोजणारे. दोन भाऊ बांधावरून कुऱ्हाडी काढून उभे राहिले तरी अप्पा साखळी ताणून शांतपणे सांगत, "शेत बोलते, तुमी गप राहा." एक वीत इकडची तिकडे होऊ देत नसत. असा हा माणूस फावल्या वेळात मंगलाष्टकं रचायचा. शब्द त्यांचे, गळा माझा. मी कवायतीचा मास्तर. 'सावधान' म्हणण्याचा पगारच घेत होतो.

त्यांची पेटंट ओळ अशी होती:

आहे चंद्रमुखी सुशील वधु ही, लक्ष्मीच की पावली

वधू बदलायची, ओळ तीच. कुणाची हरकत नव्हती, कारण कुणी ऐकतच नव्हतं. मांडवात बायका एकमेकींच्या पाटल्या बघत, पुरुष पाऊसपाण्याचं बोलत, आणि मी घसा फोडत असे.

मग धाड गावातलं लग्न आलं. नवरी चांगली उंच, सावळी, पाणीदार डोळ्यांची. मी 'चंद्रमुखी'वर जोरदार तान घेतली आणि नेमकी तेव्हाच वाजंत्री थांबली. पुढे बसलेली नवरीची आजी मोठ्यांदा म्हणाली, "काहो बापा, दुसऱ्याच्या पोरीचं लगन तं नाही लावून राह्यले?"

मांडव हसला. मीही हसलो. अप्पा मात्र नवरीकडे बघत होते. तिनं मान खाली घातली होती.

परतीच्या एसटीत चिखली आल्यावर ते म्हणाले, "मास्तर, परक्याच्या वावरात चार बोटं सरकू देत नाही मी. अन् त्या पोरीचं अख्खं तोंडच बदलून टाकलं न बे!"

दुसऱ्या दिवसापासून नवा कायदा लागू झाला. रोज सकाळी आंघोळ झाली की एक ओळ. डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचं. न पाहिलेलं एक अक्षर नाही. मग ती शार्दूलविक्रीडितात भिंतीपलीकडून मला ऐकवायची. मी दाढी करत असलो तरी सुटका नव्हती. त्या वर्षी माझ्या गालांवर जेवढे ओरखडे पडले, त्यांतले निम्मे साहित्यसेवेचे आहेत.

या साहित्याची परीक्षक आत चुलीपुढे बसलेली असे. कमल, अप्पांच्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही चार वर्षांची होती. तेव्हापासून एकट्या अप्पांनीच वाढवलेली. लहानपणी देवी आल्या होत्या, त्यांचे वण तोंडभर होते. आणि जिभेला धार अशी की मोजणीची साखळी कापावी.

एके सकाळी अप्पांनी दूधवाल्यावर ओळ म्हटली:

पाणी घालुन दूध देइ गणपा, वाकून बोले 'हरी'

"खोटं!" आतून आवाज.

"आता काय खोटं? पाणी घालते न तो?"

"घालते. पन 'हरी' कधी म्हनते मामा? तो तं वाकून बिडी मांगते. तुमाले वृत्तात बसत नव्हतं म्हनून देव आनला का मधात?"

अप्पा पाच मिनिटं तुळशीपाशी उभे राहिले. मग ओरडले, "वाकून मागे बिडी! बसलं! मास्तर, खरं पन बसते वृत्तात!" त्या दिवशी कचेरीत त्यांनी पेढे वाटले. साहेबांना वाटलं, बढती झाली.

पहिले काही महिने धंदा पार बसला. एका बड्या जमीनदारानं "आमाले कुबेर म्हना" सांगितलं. अप्पा म्हणाले, "तुमचं वावर मोजलं हाये मी." तिथून हाकलले गेलो. पण रोजची ओळ चुकली नाही. तापात लिहिली, दौऱ्यावर लिहिली, ग्रहणाच्या दिवशीसुद्धा लिहिली. हळूहळू ओळी माणसांसारख्या दिसू लागल्या. एका लग्नात नवऱ्यामुलाच्या घोरण्यावर कडवं आलं आणि त्याच्याच आईनं "वाहवा!" म्हटलं. लोक पुढे सरकून बसू लागले.

आणि मग कमलचं जमलं. मुलगा सोनाळ्याचा, प्राथमिक शिक्षक. बघायला आला, तिनं "चहात साखर कमी पडली, सांगून ठेवते" म्हटलं, आणि त्यानं तिथंच होकार दिला.

इथं अप्पांची लेखणी अडली. आठ दिवस भिंतीपलीकडून आवाज नाही. माझी दाढी गुळगुळीत. शेवटी मी पलीकडे गेलो, तर अकोल्याहून आलेल्या अप्पांच्या आत्याबाई बजावत होत्या, "हे पाय भास्कर, देवीचं नाव काढू नको. चारशे मानसं असतीन. हसले तं पोरीले जल्मभर सासरी ऐकून घ्या लागन. चंद्रमुखीच लिही."

अप्पा कागदाकडे बघत बसलेले. कमल पीठ मळता मळता उठून आली.

"मामा, वर्षभर मले रोज सकाळी खऱ्याचं पुरान ऐकवलं. अन् माह्याच लग्नात चंद्र उगवता काहो?"

"पोरी, लोक हसले तं?"

"हसू द्या. खोट्याले हसन्यापरीस बरं."

लग्नाच्या दिवशी अप्पा मामा म्हणून नवरीच्या पाठीशी उभे. सात कडवी मी आधी पाहिलेली होती, ती गाऊन झाली. आठव्याचा कागद त्यांनी ऐन वेळी माझ्या हातात कोंबला आणि नजर वळवली. मी न वाचताच सुरू केलं:

देवीचे वण आजही मुखि तिच्या, लाजे न त्यांना कधी

पाटल्यांची किणकिण थांबली. आत्याबाईंनी डोळे मिटले.

मोठ्याने हसते, खरेच वदते, भांडेल, भीऊ नका

अंतरपाटापलीकडून नवऱ्यामुलाचा खुदकन हसण्याचा आवाज आला. मग सगळा मांडव हसला, पण ते हसू निराळं होतं. आपल्या घरच्या पोरीला हसतात तसं. मी खुशीत पुढची ओळ उचलली:

आता एकच ताट रोज घरिं या, हाकेस ओही नसे
माझे जे सरले, तुम्हास उरु दे, कुर्यात्सदा मंगलम्

अप्पांचे दोन्ही हात कमलच्या खांद्यांवर होते. मान ताठ होती, आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी शेतात त्यांना स्वतःचाच बांध सापडल्यासारखी. मी कसाबसा "शुभ मंगल सावधान" म्हणालो.

काहीच झालं नाही. चारशे माणसं मुठीत अक्षता धरून, तोंडं उघडी टाकून तशीच उभी. वाजंत्रीवाला सनई ओठांशी धरून वाजवायचं विसरला. अंतरपाट धरलेले भटजी एकमेकांकडे बघू लागले. आत्याबाई पदरानं डोळे पुसत होत्या. एवढ्यात अंतरपाटामागून नवरी खणखणीत आवाजात ओरडली:

"अक्षता टाका न बापा! काऊन, लगन लावाचं नाही का माह्यं?"