दाबा, धरा, सोडा

पुनावळ्यातल्या एका शिस्तप्रिय गृहनिर्माण संस्थेचे सचिव अर्जुनराव यांच्या मोटारीचा क्लच सोमवारी सकाळी, ऐन शिफ्टच्या वेळी, संस्थेच्या एकुलत्या एक गेटात बसला. पेडल दाबलं ते तळाला टेकलं आणि तिथंच राहिलं. गाडीचं तोंड महापालिकेच्या रस्त्यावर, बूड संस्थेच्या हद्दीत आणि मागे तळघराच्या चढावर कंपन्यांना निघालेल्या गाड्यांची रांग, अशी एकंदर परिस्थिती होती.

अर्जुनराव गाडीतून उतरले नाहीत. चाकणच्या एका कारखान्यात त्यांनी सिस्टीम खात्यात उभी हयात काढली होती. कारखान्यात काय बनतं याच्याशी त्यांचा फारसा संबंध आला नाही. पण ते कोणाला विचारून बनवायचं, हे त्यांना तोंडपाठ होतं. निवृत्त झाल्यावर घरात भाजी कुठली करू, एवढंही कुणी त्यांना विचारेना. तेव्हा त्यांनी संस्थेला शिस्त लावायला घेतली. आवारात वाहनदुरुस्ती करण्यास सक्त मनाई, हा त्यांचा सगळ्यात लाडका नियम.

त्यांच्या मागच्याच गाडीत दीपमाला होती. निघोज्याच्या कारखान्यात आज पहिल्यांदाच अख्खी लाइन तिच्या हाती येणार होती. परदेशी गिऱ्हाईक बघायला यायचं होतं आणि त्याला दाखवायचे लोखंडी नमुने तिच्या डिकीत होते. ती धावत पुढे आली.

"काका, न्यूट्रलला टाका. आम्ही ढकलतो बाहेर."

"रस्त्यावर नादुरुस्त वाहन उभं करणं बेकायदा आहे."

"मग मागे घेऊ."

"मागे उतार आहे. उतारावर बंद वाहन ढकलू नये, असा आपला नियम आहे."

शेवटी दापोडीच्या युनूस मेकॅनिकला फोन गेला. तो अर्ध्या तासात आला आणि गेटाबाहेरच्या फुटपाथवर ऐसपैस बसला. मागच्या महिन्यात आवारात एका सभासदाच्या गाडीची बॅटरी बदलताना अर्जुनरावांनी त्याला पकडलं होतं आणि त्याचा फोटो संस्थेच्या ग्रुपवर टाकून प्रवेशबंदी जाहीर केली होती.

"मी इथंच बरा साहेब," युनूस म्हणाला. "पाय चुकून आत पडला तर परत फोटो काढाल. मागच्या वेळी डोळे मिटलेले आले होते."

सुदैवानं बॉनेट महापालिकेच्या हद्दीत होतं. ते उघडण्याआधीच युनूसनं क्लचप्लेट गेल्याचं आणि गिअरबॉक्स उतरवावा लागेल असं छातीठोकपणे सांगून टाकलं. मग ऑइलची डबी बघून शब्द मागे घेतला. "नाही, नाही. क्लचलाही ब्रेक ऑइलच लागतं, ते तळाला गेलंय. पाइपच्या जोडातून पाझरत होतं. जोड आवळतो, ऑइल भरतो. पण पाइपात हवा शिरलीय. सचिवसाहेबांची हवा काढल्याशिवाय काही खरं नाही!"

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. अर्जुनरावांचे कान लाल झाले.

काम सोपं होतं. युनूस 'दाबा' म्हणाला की पेडल दाबायचं, 'धरा' म्हणाला की धरून ठेवायचं. तेवढ्यात तो खालचा निपल, म्हणजे हवा सोडायची बारकी तोटी, खोलणार, हवा बाहेर येणार, निपल बंद होणार. आणि मगच तो 'सोडा' म्हणणार. निपल उघडा असताना पाय उचलला, तर गेलेली हवा पुन्हा आत.

अर्जुनराव सुखावले. इतका वेळ नुसता गोंधळ चालला होता. आता कुठे कार्यपद्धती आली. पण लगेच त्यांना एक अडचण आठवली. बाहेरच्या व्यक्तीनं सभासदाला थेट सूचना देऊ नये, ती वॉचमनमार्फत आणि अध्यक्षांच्या संमतीनं द्यावी, असाही एक नियम होता. गॅसवाल्यानं एकदा त्यांना "जरा सरका" म्हटलं होतं, तेव्हाचा.

त्यामुळे वॉचमन रंगराव मधे उभा राहिला. अध्यक्ष लक्ष्मणराव तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत दाढीचा फेस लावून प्रकटले.

"दाबा," युनूस म्हणाला.

रंगराव वर बघून ओरडला, "साहेब, ते दाबा म्हणायलेत!"

"काय दाबा?"

"क्लच!"

"कोणी?"

"सेक्रेटरी साहेबांनी!"

"मंजूर!"

ही मंजुरी अर्जुनरावांपर्यंत पोचेपर्यंत युनूसनं 'धरा' म्हणून निपल खोलला होता. 'धरा' मंजूर झालं तेव्हा तो 'सोडा' म्हणत होता. आणि आधीचं 'सोडा' मंजूर होऊन आलं तेव्हा निपल नेमका पुन्हा उघडा होता. अर्जुनरावांनी प्रत्येक मंजूर सूचना तंतोतंत पाळली. क्लचनं घशातून गुळण्या केल्यासारखा आवाज काढला.

"साहेब," घाम पुसत युनूस म्हणाला, "मी आलो तेव्हा होती त्याच्यापेक्षा जास्त हवा झालीय आता."

नियम स्थगित करावा म्हणून लक्ष्मणरावांनी बाल्कनीतूनच तातडीची सभा पुकारली. पण गणपूर्ती होईना. सभासद होते ते रांगेत, आणि गाडी सोडून सभेला आलं तर ती बेवारस समजून उचलली जाणार. हॉर्न वाजवायलाही बंदी होती, म्हणून लोक खिडक्यांतून तोंडानं पीं पीं करू लागले.

दीपमालानं अर्जुनरावांच्या गाडीचं दार उघडलं. "काका, पलीकडे सरका."

"अगं, पण सभासदानं दुसऱ्या सभासदाच्या वाहनात..."

"सरका म्हणते ना!"

अर्जुनराव निमूटपणे गिअरवरून पलीकडच्या सीटवर सरकले. का कोण जाणे, त्यांना हायसं वाटलं. कुणीतरी परवानगी न विचारता काहीतरी करतंय, हे दृश्य ते आयुष्यात प्रथमच इतक्या जवळून बघत होते.

"बोला युनूसभाई!"

"दाबा... धरा... सोडा. परत दाबा..."

बुडबुडे मोठे आले, मग बारीक, मग यायचेच थांबले. पेडल पायाखाली टणक उभं राहिलं. युनूस ओरडला, "आला क्लच!" आणि रांग गेटातून सुसाट निघाली. नमुने घेऊन दीपमाला धापा टाकत कारखान्यात पोचली, तर परदेशी गिऱ्हाईक चाकणच्या चौकात ट्रकांच्या मधे सकाळपासून अडकलेलं. तिनं निवांत चहा घेतला, लाइन ताब्यात घेतली, आणि ते आलं तेव्हा नमुने मांडून तयार होते.

संध्याकाळी सभा भरली. अर्जुनराव घरून ठरवूनच आले होते: माफी मागायची, ते नियम रद्द करा म्हणायचं आणि पद सोडायचं. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत लक्ष्मणरावांनी ठराव वाचला. आजच्यासारखा प्रसंग पुन्हा ओढवू नये यासाठी उद्यापासून प्रत्येकानं गेटावर थांबून, वॉचमनसमक्ष, अध्यक्षांच्या संमतीनं, क्लच दाबून, धरून आणि सोडून दाखवावा. ज्यांच्या गाडीला क्लच नाही, त्यांनी नुसता पाय हलवून दाखवावा.

सगळे हात वर गेले. एकटे अर्जुनराव हात खाली ठेवून बसले होते; ठराव सर्वानुमते संमत झाला. शेजारी दीपमाला एका हातानं मोबाइल बघत होती. तिचा दुसरा हात वर होता.

"अगं, तू सुद्धा?" अर्जुनराव कळवळून म्हणाले. "कशाला हात वर केलास?"

"सगळ्यांनी केला ना काका. कुकर लावायचाय, लवकर संपू दे."

हसू नका. तुमच्या सोसायटीच्या मागच्या सभेला तुम्हीही होता. तुमचा हात कशासाठी वर गेला होता, तेवढं जरा आठवून सांगा.