सात अब्जांची दुर्बीण आणि व्हर्ननचा मसाला

धुळीशी वैर धरावं तर माझ्यासारखं! अख्ख्या मेरीलँडमध्ये या कामात माझा हात धरणारा दुसरा नाही, आणि हे मी अजिबात नम्रपणे सांगत नाहीये. आमच्या अवकाश केंद्रात नवी दुर्बीण जिथे जुळवली जात होती, त्या क्लीनरूमचा, म्हणजे धुळीचा कणही न चालणाऱ्या खोलीचा, मी स्वच्छताप्रमुख. आत शिरणाऱ्याने डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवायचा. सेंट नाही, पावडर नाही, हातांना क्रीम नाही. पोशाख घालून झाला की प्रत्येकाची टोपी मी स्वतः चाचपायचो, एखादा केस बाहेर राहिला नाही ना म्हणून. तेही उघड्या बोटांनी. हातमोज्यातून केस लागत नाही असं माझं ठाम मत होतं, आणि माझ्या दारात माझ्या मतापुढे कुणाचं चालत नसे.

दुर्बीणही तशीच तालेवार. किंमत सात अब्ज डॉलर! चंद्रावर काजवा बसला तर त्याची ऊब तिला कळणार. पृथ्वी जन्मायच्या आधी निघालेला प्रकाश तिला दिसणार. फक्त ती उडत नव्हती. दरवर्षी काहीतरी निघायचं आणि तारीख पुढे जायची. शेवटी वॉशिंग्टनहून निरोप आला की ही तारीख शेवटची. चुकली तर पैसे बंद, आणि दुर्बीण संग्रहालयात.

माझे सासरे व्हर्नन यांना हे संग्रहालयाचं भलतंच आवडलं होतं. त्यांचा जन्म चेसापीकच्या खाडीत खेकडे धरण्यात गेला. दर रविवारी त्यांचा एकच प्रश्न, "काय जावईबापू, तुमची दुर्बीण उडाली का?" मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. त्यावर ते बायकोकडे, म्हणजे माझ्या सासूकडे बघून म्हणायचे, "एवढ्या पैशात मी अख्खी खाडी घेतली असती, खेकड्यांसकट."

म्हणून तारीख पक्की झाल्यावर मी छाती फुगवून आधी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या सगळ्या टीमला रविवारी अंगणात खेकडे खायला बोलावलं. टेबलावर तपकिरी कागद, त्यावर वाफवलेल्या खेकड्यांचा ढीग, वर बोटभर लाल मसाला, आणि प्रत्येकाला एक लाकडी हातोडी. आमच्याकडे खेकडा हातानेच खातात. काटा मागितलात तर व्हर्नन तुम्हाला फाटक दाखवतील.

निघताना मी टीमला बजावलं की उद्या नखं ब्रशने घासून या. सगळे बिचारे बोटं लाल होईपर्यंत घासून आले. मी नाही घासली. ती सूचना टीमसाठी होती! मी नेहमीसारखा दारात उभा राहिलो आणि एकूण एक टोपी चाचपून माणसं आत सोडली.

दुपारी फरशीला चिकटपट्टी लावून उचलली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली, आणि बघतो तर काय! नारिंगी कण. या कोपऱ्यात, त्या कोपऱ्यात, सगळीकडे.

प्रकल्पाच्या प्रमुख पेलेटिअर मॅडमनी तडक बैठक बोलावली. कण माणसांकडून आले असतील का, असं त्यांनी मला विचारलं.

"शक्यच नाही," मी म्हणालो. "माझ्या दारातून धूळ आत जात नाही."

हे वाक्य मला फार महागात पडलं. माणसांकडून नाही, तर मग दुर्बिणीतूनच! एकजण म्हणाला, कुठेतरी गंज धरलाय. दुसऱ्याने दुर्बिणीला उन्हापासून झाकणाऱ्या सूर्यपडद्याचा थर सुटतोय असं सांगितलं. तो पडदा बनवणारा ग्रेडी चवताळून उठला. तासाभरात दुर्बीण उघडायची वेळ येऊन ठेपली, म्हणजे दोन वर्षं गेली, म्हणजे संग्रहालय. पेलेटिअर मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी अर्धं आयुष्य या दुर्बिणीत घातलं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी नखं चावतो.

जीभ चुरचुरली. मीठ, मोहरी, मागून मिरची. क्षणभर कालचं अंगण आठवून बरं वाटलं. मग घाम फुटला.

"थांबा," मी म्हणालो. "हा मसाला आहे. खेकड्यांचा."

ग्रेडी म्हणाला, "सात अब्जांच्या दुर्बिणीचं भवितव्य तू नखं चावून ठरवणार?"

आता मात्र माझी सटकली. टेबलावरची चिकटपट्टी उचलली आणि सरळ चाटली.

"व्हर्ननचाच!" मी म्हणालो. "मोहरी जरा जास्त घालतात ते."

पेलेटिअर मॅडमनी डोळे मिटले. "हॉलिस," त्या म्हणाल्या, "तू आत्ता पुरावा खाल्लास."

पुरावा तर भरपूर उरला होता, माझी चिंता होती ती तो कुठे कुठे सापडतो याची. सगळ्यांच्या टोप्या दिव्याखाली धरल्या. प्रत्येक टोपीवर, कानामागे, एकाच जागी, नारिंगी बोटांचे ठसे. कुणाचे, हे विचारायची गरजच नव्हती, सगळ्यांनी थेट माझ्या बोटांकडे बघितलं. प्रयोगशाळेनेही सांगितलं की मोहरी, लाल मिरची, तमालपत्र.

नोकरी गेली असं धरूनच मी उभा होतो. पण मॅडम हसायला लागल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिल्या. पडदा धडधाकट होता! दुर्बीण धडधाकट होती! आरसा तर त्या दिवशी झाकलेलाच होता. आम्ही सगळ्यांनी मिळून खोली घासून काढली, मी हातमोज्यांचे दोन जोड चढवून. आणि दुर्बिणीची पेटी ठरल्या दिवशी फ्लोरिडाकडे निघाली.

फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर व्हर्नन ठेवणीतली टोपी घालून आले होते. रॉकेट पेटलं, पायाखालची वाळू थरथरली. त्यांनी माझा दंड आवळून धरला आणि आपल्या होडीला म्हणतात तसं ओरडले, "चल बाई, चल!" ती गेली. ढगांच्या वर, दिसेनाशी झाली. मी हमसून हमसून रडलो आणि मला त्याची लाज वाटत नाही.

काही महिन्यांनी पहिलं छायाचित्र आलं. चिमूटभर आकाश, आणि त्यात हजारो दीर्घिका. व्हर्नन चष्मा लावून कितीतरी वेळ बघत होते.

"हे सगळं एवढ्याशा तुकड्यात?"

"हो."

"मग स्वस्तात पडली की रे," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून हे ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो! पण आता नवाच ताप झालाय. धक्क्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते वर बोट दाखवून सांगतात की ती आमची दुर्बीण, माझा मसाला आहे तिच्यात. लोक माझ्याकडे बघतात. मसाल्याचा एकही कण वर गेलेला नाही, अशी स्वच्छताप्रमुख म्हणून मी लेखी हमी दिलेली आहे. आणि दुर्बीण आता पंधरा लाख किलोमीटरवर आहे, तेव्हा चाटून बघायला तिथे कोण जाणार!