खात्रीचा माणूस

बेकार दिसायचं म्हणजे नेमकं कसं दिसायचं, यावरून आर्नेटाआत्याच्या स्वयंपाकघरात सकाळपासून वाद चालला होता.

"जुनेपाने कपडे घालायचे, झालं," चर्चमधली मैत्रीण ओझेला म्हणाली.

"सरकारी माणसासमोर?" आत्या भडकली. "डोक्यावर हॅटसुद्धा नको? माझी आई थडग्यातून उठून येईल आणि मला बदडेल!"

भानगड अशी होती. मिल्वॉकी शहराच्या नॉर्थ साइडला, काळ्यांच्या वस्तीत, चर्चला लागूनच, सरकारी पैशावर चालणारं एक रोजगार केंद्र होतं. तिथले प्रमुख पर्विस आदल्या दिवशी येऊन, बेकार म्हणून हॉलमध्ये बसायला या, अशी बायकांना गळ घालून गेले होते. राज्याच्या राजधानीहून, मॅडिसनहून, तपासणीला बाई येणार होत्या, आणि हॉल रिकामा दिसला तर केंद्राला मिळणारा पैसा आटणार होता.

"रिकामा का दिसेल?" आत्यानं विचारलं होतं. "आमच्या गल्लीत निम्मे पुरुष घरी बसलेत."

"तेच तर रडगाणं आहे, सिस्टर. काम विचारून विचारून ते थकले, यायचे बंद झाले. जो काम शोधत नाही त्याला बेकारांत धरत नाहीत. म्हणजे कागदावर आमची बेकारी कमी झाली. तिकडे उपनगरात गोरा माणूस केंद्रात येतो आणि आठवड्यात कामाला लागतो. म्हणून पैसा तिकडे. त्यांच्या केंद्राचा उपयोग दिसतो ना!"

"म्हणजे रोगी डॉक्टरकडे गेला नाही की बरा झाला?"

"सरकारी हिशेबानं, हो."

आत्यानं डोकं धरलं. तिच्या तरुणपणी हे असलं काही नव्हतं. तिचा नवरा चामड्याच्या कारखान्यात मुकादमाशी भांडून दुपारी बाहेर पडायचा, रस्ता ओलांडायचा आणि संध्याकाळच्या आत समोरच्या लोखंड ओतायच्या कारखान्यात कामाला लागलेला असायचा. घरी येऊन डबा ठेवता ठेवता सांगायचा, "अगं, मालक बदलला बरं का." आता दोन्ही कारखान्यांच्या जागी गवत होतं.

एक गोष्ट मात्र तिला पक्की कळली होती. त्याच दिवशी इस्पितळाच्या भटारखान्याचा मॅनेजर क्रुगर माणसं निवडायला केंद्रात येणार होता. आणि तिचा भाचा लॅव्हेल गोदाम बंद पडल्यापासून घरी होता. त्या भटारखान्यात त्यानं कितीदा तरी फोन केला होता. दर वेळी "कळवतो" म्हणून फोन आपटला जायचा. आता महिनाअखेरीपर्यंत काम मिळालं नाही, तर तो बायकापोरांना घेऊन मेहुण्याकडे टेक्ससला निघून जाणार होता. मग आत्याला बोलायला उरणार होता फक्त रेडिओ.

तिनं स्वतः त्याचा पांढरा शर्ट कडक इस्त्री केला, नवऱ्याचा निळा टाय काढून दिला आणि बजावलं, "ताठ उभा राहा. विचारल्याशिवाय बोलू नकोस."

इथेच घात झाला.

हॉलमध्ये आत्या आणि ओझेला धरून चर्चच्या सहा बायका रविवारच्या हॅट घालून रांगेत बसल्या. जांभळी, पिवळी, एकीवर तर पक्ष्याचं अख्खं पीस. टायवाला माणूस मात्र एकटा लॅव्हेल. त्यातून तो संस्कारांचा. म्हाताऱ्या बायका उभ्या दिसल्या की खुर्च्या मांडणार, पाणी आणून देणार. मॅडिसनच्या बाईंनी आल्या आल्या त्याला केंद्राचाच माणूस समजून त्याच्या हातात आपला कोट दिला.

"फार नीटनेटकं ठेवलंय तुम्ही केंद्र," त्या म्हणाल्या.

"बाई, मी खरं तर–"

"नम्रता पुरे!"

पर्विस सावरायला पुढे झाले, तेवढ्यात क्रुगर आला. घामाघूम, वैतागलेला. त्यानं सरळ हॅटच्या रांगेलाच विचारलं, "मोठ्या स्वयंपाकाचा अनुभव कुणाला आहे?"

आत्या गप्प बसणार होती. तिला नोकरी नको होती, तिला गुडघेदुखी होती. पण शेजारून ओझेला म्हणाली, "आमच्या चर्चमध्ये मयताचं जेवण मीच तर करते."

"तू?" आत्या गर्रकन वळली. "तुझा भात पळीनं फोडावा लागतो! अहो साहेब, दोनशे माणसांचं चिकन आणि भाजी मी एकटीनं रांधलीय. ही फक्त चव बघायला असते!"

"उद्यापासून येता?" क्रुगर म्हणाला.

"येईन की!" आत्या तावातावानं म्हणाली आणि मग तोंडावर हात ठेवला. तोवर उरलेल्या पाचजणीही आपापल्या पाककौशल्याचे पाढे वाचू लागल्या होत्या. क्रुगरनं सहाच्या सहाजणी घेतल्या.

लॅव्हेल घाईघाईनं पुढे आला. "साहेब, मलापण काम हवंय."

क्रुगर खो खो हसला. "कसलं काम? एका सकाळी सहा माणसं दिलीत, अजून समाधान नाही? हे घ्या माझं कार्ड. थेट मला फोन करत जा."

मॅडिसनच्या बाई तर खूशच झाल्या. जाताना पर्विसना म्हणाल्या, "इतक्या थोड्या पैशात तुम्ही इतकं छान चालवता! मग जास्त पैसे तुम्हाला लागतातच कुठे?"

हसावं की रडावं हे पर्विसना कळेना.

घरी आल्यावर आत्या पाय गरम पाण्यात सोडून बसली. "लॅव्हेल, त्या माणसाला फोन कर रे. सांग, म्हातारीचे गुडघे गेले. मी नाही यायची."

लॅव्हेलनं फोन लावला. पहिल्याच घंटीला तो उचलला गेला. आत्यानं कान टवकारले.

"बोला साहेब, बोला!" क्रुगरचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"त्या आर्नेटाबाई येऊ शकणार नाहीत."

"अरे देवा! मग दुसरं कुणी द्या हो. तुमच्यावरच माझी भिस्त आहे."

लॅव्हेलनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं डोळे मोठे केले.

"एक माणूस आहे," तो सावकाश म्हणाला. "गोदामात होता."

"कसा आहे?"

"खातो फार," आत्या कुजबुजली, "पण कामाला वाघ आहे म्हणून सांग."

"कामाला वाघ आहे," लॅव्हेल म्हणाला.

"खात्रीचा आहे ना? नाहीतर रोज कुणी ना कुणी फोन करतं हो, कुणाकुणाचं ऐकायचं?"

"जन्मापासून ओळखतो मी त्याला."

"तुम्ही म्हणता ना, मग बघायलाच नको. सकाळी पाठवा. जागा त्याची."

सकाळी आत्याही हट्टानं सोबत गेली. भटारखान्याच्या दारात क्रुगर उभाच होता. त्यानं लॅव्हेलचा हात हातात घेऊन हलवला, मग त्याच्या मागे पाहिलं, आत्याच्या मागे पाहिलं, शेवटी वाकून गाडीतही पाहिलं.

"तुम्ही जातीनं आलात? पण माणूस कुठाय?"

"मीच."

क्रुगरनं पुन्हा एकदा वाकून गाडीत पाहिलं.

"तुम्ही? अहो, मग तुमचं ते केंद्रातलं काम?"

"तिथलं माझं काम झालं," लॅव्हेल म्हणाला.

क्रुगरनं डोकं खाजवलं. जागा त्याची असं आपणच म्हणून बसलोय, हे त्याला आठवलं असावं. त्यानं एक ॲप्रन काढून पुढे केला आणि अचानक काळजीनं विचारलं, "पण इथला पगार परवडेल का तुम्हाला? तिथे किती मिळत होता?"

लॅव्हेलनं टाय सैल केला.

"इथल्यापेक्षा कमीच, साहेब."