पी.टी. सरांची मोटार

आजार लपवावा कसा, हे कुणीही माझ्याकडून शिकावं! मी पी.टी.चा निवृत्त मास्तर. दिवा उपनगरातल्या आमच्या बिल्डिंगमधली पोरं अजून मला बघून पोट आत घेतात. अशा माणसाला सीओपीडी व्हावा? डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं थकलीत, रात्री ऑक्सिजनचं मशीन लावायचं." मशीन घरी आणलं तेही कूलरच्या खोक्यात घालून! बायकोला, म्हणजे नंदाला, शपथ घातली, "कुणाला कळता कामा नये."

मशीन गुणी, पण तोंडाळ. रात्रभर घर्र घर्र, आणि नळीच्या वाटेवरच्या पाण्याच्या बाटलीत बुडबुड. त्यात आमच्याकडे पाणी येतं दिवसाआड, तेही करंगळीएवढं. नळाला चोरून मोटार लावून पाणी ओढणारा माणूस इथे खुन्याच्या खालोखाल. मोटारबंदीचा नियम मीच मीटिंगमध्ये छाती ठोकून मांडला होता. छाती ठोकल्यावर खोकल्याची उबळ आली, ती मी भावना म्हणून खपवली.

एका रविवारी दारात आमचा सेक्रेटरी महेंद्र आणि शेजारच्या दर्शना वहिनी उभ्या. मागे अर्धी बिल्डिंग!

"सर, राग मानू नका," महेंद्र म्हणाला, "पण रात्री तुमच्या घरातनं मोटरचा आवाज येतो."

"बुडबुड पण येते!" दर्शना वहिनी कडाडल्या. "भिंतीला कान लावून ऐकलंय मी. आमच्या नळाला थेंब नाय, आणि तुमच्याकडे तळं भरतंय!"

"अहो, सांगून टाका ना," नंदा कळवळून म्हणाली.

एकीकडे चोर, दुसरीकडे पेशंट. मला पेशंट व्हायची जास्त लाज वाटली.

"हो," मी मान खाली घालून म्हणालो, "मोटार आहे. चुकलो."

नंदाने कपाळावर हात मारला. मला वाटलं, सुटलो.

"ठीक आहे सर, नियम तुमचाच," महेंद्र म्हणाला. "संध्याकाळपर्यंत मोटर सोसायटीत जमा करा."

जमा काय करू, कपाळ? मोटार होतीच कुठे! शेवटी गुपचूप स्टेशनजवळच्या हार्डवेअरवाल्याकडून एक नवीकोरी विकत आणली. घरी नेऊन जरा चिखल फासायचा, म्हणजे वापरलेली वाटेल, असा बेत. पण लिफ्ट नाही, आणि मोटार म्हणजे लोखंडाचा गोळा. आमच्या मजल्याच्या अलीकडेच श्वासाने दगा दिला. मोटार मांडीवर घेऊन मी जिन्यात बसलो आणि छातीतून शिट्टी वाजायला लागली.

शिट्टी ऐकून बाहेर आलेल्या दर्शना वहिनी किंचाळल्या. नंदाने मशीन दारापर्यंत ओढलं, लांबलचक नळी जिन्यात आणून माझ्या नाकाला लावली. घर्र घर्र, बुडबुड! सगळी बिल्डिंग बघत होती.

"अगं बाई, ही होय ती बुडबुड!" वहिनींचे डोळे भरून आले. "आणि आम्ही तुम्हाला चोर म्हणालो!"

"आजाराची कसली लाज, सर?" महेंद्र माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. "एक हाक मारायची होती."

मला भरून आलं. इतक्या चांगल्या माणसांपासून मी तोंड लपवत होतो, याची मनापासून लाज वाटली.

तेवढ्यात महेंद्रची नजर माझ्या मांडीवर गेली. हात पाठीवरच थांबला.

"मग सर... ही मोटर कसली?"

मी खरं तेच सांगितलं. जमा करायला विकत आणली, म्हणालो. कुणाचाही विश्वास बसला नाही!

आता बिल्डिंगमधला प्रत्येक जण रोज येऊन आपुलकीने माझ्या तब्येतीची चौकशी करतो, आणि जाता जाता आमच्या नळाखाली वाकून बघतो.